धोंडू, सटवोजी, मिलिंद : मराठी मुलग्यांच्या वेगळ्या नावांचा इतिहास

प्रस्तावना

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याला मुलगा झाला. कुटुंब मूळचे सोलापूरकडचे, दोन पिढ्या नोएडात स्थायिक. बारशाच्या आधी त्याने मोबाईलवर चार नावे दाखवली : आरव, अनय, विहान, रेयांश. प्रत्येक नावापुढे अर्थही होता. "सर, तुम्ही जुनं मराठी वाचता, हे अर्थ बरोबर आहेत का तेवढं बघा," असे तो म्हणाला. बोलता बोलता त्याच्या आजोबांचे नाव निघाले. ते धोंडू होते. तो जरा ओशाळून हसला. "असलं नाव कोण ठेवतं हो पोराला?"

त्याने प्रश्न सहज विचारला होता, पण प्रश्न इतिहासाचा आहे. मुलाला 'धोंडा' म्हणणारे आईबाप अडाणी होते का? की त्या नावामागे काही विचार होता? या टिपणात आपण मराठी मुलग्यांच्या वेगळ्या वाटणाऱ्या नावांचा मागोवा घेणार आहोत. नाव हे इतिहासाचे साधन आहे. ताम्रपट आणि शिलालेख राजेलोक कोरवून घेतात, नाव मात्र गरिबातल्या गरीब घरातही ठेवले जाते. त्यामुळे ज्यांनी काहीच लिहून ठेवले नाही, त्यांची भीती, श्रद्धा आणि आकांक्षा नावांतून वाचता येते.

कोणतेही नाव तपासताना तीन प्रश्न विचारायचे. शब्द कोणत्या भाषेतला? तो नाव म्हणून केव्हापासून दिसतो? आणि हे नाव ठेवण्याचा अधिकार कोणाला होता? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, म्हणून त्यावर आपण अधिक वेळ देऊ.

१. सर्वांत जुना पुरावा : लेण्यांतील नावे

महाराष्ट्रातील व्यक्तिनामांचा सर्वांत जुना भरघोस पुरावा सातवाहन काळातील लेण्यांत मिळतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत, पण त्यांच्यावरची नावे शिल्लक आहेत : सिमुक सातवाहन, नायनिका, सातकणि, कुमार भायल, कुमार हकुसिरि. यांतील 'हकुसिरि' म्हणजे संस्कृतात शक्तिश्री. 'श' चा 'ह' आणि 'श्री' चा 'सिरि' होण्याची ही प्राकृताची रीत आहे. म्हणजे नाव बोलीत रुळले की त्याचा आकार बदलतो, हा नियम दोन हजार वर्षे जुना आहे.

याच राजवंशात पुढे गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे येतात. राजाची ओळख आईच्या गोत्रनामावरून सांगितली जाते. यावरून राज्य बायकांच्या हाती होते असे अनुमान काढू नये, वारसा बापाकडूनच मुलाकडे जात होता. पण आईचे नाव मुलाच्या नावाला जोडण्यात त्या काळी कमीपणा नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते. या मुद्द्याकडे आपण शेवटी परत येऊ.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक खांब 'धेनुकाकट येथील यवन सिहधय' याने दान दिला, असे त्यावर कोरले आहे. सिहधय म्हणजे सिंहध्वज. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. परदेशी माणसाने इथले नाव घेतल्याचा हा लेखी पुरावा आहे. तेव्हा 'अस्सल' नाव आणि 'बाहेरचे' नाव यांची सरमिसळही आजची नाही.

२. देव तोच, नाव घरचे : 'जी' लावलेली नावे

यादवकालीन राजांची नावे पाहा : भिल्लम, जैतुगी, सिंघण, कान्हर, महादेव, रामचंद्र. कान्हर म्हणजे कृष्ण. संत नामदेवांच्या चार मुलांची नावे परंपरेने नारा, विठा, गोंदा आणि महादा अशी सांगितली जातात. ही नारायण, विठ्ठल, गोविंद आणि महादेव यांची घरगुती रूपे आहेत. पोथीतले नाव आणि अंगणातले नाव असे दोन आकार तेव्हाही शेजारी शेजारी नांदत होते.

या घरगुती रूपांना आदराचा 'जी' किंवा 'बा' लागला की मराठेशाहीतील ओळखीची नावे तयार होतात. शंभू पासून संभाजी, कान्हा पासून कान्होजी, खंडोबा पासून खंडोजी, व्यंकट पासून व्यंकोजी, तुळजाभवानीवरून तुळाजी, भैरवावरून बहिर्जी, दत्तावरून दत्ताजी, महादेवावरून महादजी. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचा जोतिबा हा देव जोत्याजी, जोतीराव या नावांत दिसतो. महात्मा फुल्यांचे नाव जोतीराव या देवावरूनच आहे. कोकणात रवळनाथावरून रवळू, रवळोजी येते. नकाशावर ही नावे मांडली तर कोणत्या देवाचा प्रभाव कुठवर होता, याची रेषा बऱ्यापैकी आखता येते.

यांतले सर्वांत वेगळे नाव म्हणजे सटवोजी किंवा सटवाजी. जत संस्थानच्या डफळे घराण्याच्या संस्थापकाचे नाव सटवाजी होते. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी भविष्य लिहिते, अशी समजूत आहे. बाळ-बाळंतिणीला त्याच रात्री सर्वांत अधिक जपायचे, कारण नवजात मूल दगावण्याचे ते दिवस. सटवाईच्या नवसाने झालेला किंवा तिच्या तावडीतून वाचलेला, तो सटवोजी. आज 'सटवाई' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण एका सरदार घराण्याच्या मूळ पुरुषाने तो नाव म्हणून अभिमानाने मिरवला.

दिल्ली परिसरातील वाचकांना ही नावे दूरची वाटायला नकोत. उत्तर दिल्लीतील बुराडी आज दाट वस्तीचा भाग आहे. तिथल्या यमुनेच्या घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले. पुढच्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. पानिपत जिल्हा आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. त्यातून वाचलेल्या महादजींनी पुढे दिल्लीच्या बादशहाकडून १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक हे पद मिळवले. उत्तरेत आणि इंग्रजी कागदांत त्यांचे नाव पुष्कळदा 'माधवराव' किंवा 'माधोजी' असे लिहिलेले आढळते. ते चूक आहे. महादजी हे माधवाचे नव्हे, महादेवाचे रूप. नावाची घडण ठाऊक नसली की एका व्यक्तीची दोन माणसे होतात, किंवा दोन माणसांची एक. म्हणून व्युत्पत्ती हा केवळ हौसेचा विषय नाही.

जन्मनाव आणि इतिहासातले नाव वेगळे असणे हीही नेहमीची गोष्ट होती. थोरल्या बाजीरावांचे जन्मनाव विसाजी. छत्रपती शाहूंचे जन्मनाव शिवाजी. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव, पण घरी हाक मारायचे ते 'बाळ' हेच नाव इतिहासात राहिले.

३. फारसी-अरबी शब्दांची मराठी नावे

शहाजी आणि शरीफजी या भावांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली, असे मराठी परंपरा सांगते. मालोजींना मूल होत नव्हते, पीराला नवस केला, दोन मुलगे झाले आणि एका पीराचे नाव दोघांत वाटले गेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या वडिलांचे नाव असे घडले. पिराजी, फकीरा, सुलतानजी ही नावे याच वळणाची. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ च्या कादंबरीचे आणि तिच्या नायकाचे नाव 'फकीरा' आहे. नायक मांग समाजातला आहे आणि त्याचे नाव कोणत्याही मराठी वाचकाला परके वाटत नाही.

दुसरा गट पराक्रमाच्या शब्दांचा. हैबतराव यातील 'हैबत' म्हणजे दरारा. हिंमतराव, दौलतराव यांचे अर्थ उघड आहेत. सर्जेराव यातील 'सर्जा' म्हणजे सिंह, फारसी 'शर्झा' वरून आलेला. आरंभी हे किताब होते. दरबाराने दिलेले किताब घराण्यात मुरले आणि नातवंडांच्या पाळण्यात जाऊन पडले. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपतात जखमी झाला आणि डीग येथे मरण पावला. त्याचे नावच तलवारबहाद्दर असा अर्थ सांगते. आज साताऱ्यातल्या एखाद्या सर्जेरावांना आपल्या नावात फारसी शब्द आहे हे माहीतही नसते, आणि त्यात काही बिघडतही नाही. नाव रुजले म्हणजे ते आपले झाले.

४. धोंडू, दगडू, केरू, भिकू : भीतीतून आलेली नावे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धोंडू, दगडू, कचरू, केरू, उकिरडा, भिकाजी ही नावे महाराष्ट्रात सर्व जातींत सापडतात. भारतरत्न महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. पुण्याच्या ज्या गणपतीपुढे आज लाखो लोक रांग लावतात, तो दगडूशेठ हलवाई यांच्या नावाने ओळखला जातो. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे हे मोठे गणिती व ज्योतिर्विद होते, ग्रहगणिताची कोष्टके त्यांनी मराठीत आणली. म्हणजे असली नावे 'खालच्या' लोकांचीच, हा समज चुकीचा आहे.

या नावांमागचा तर्क असा. एकापाठोपाठ एक मुले दगावली की घरच्यांना वाटे, आपल्या मुलांना कोणाची तरी दृष्ट लागते, किंवा देव आवडती मुले उचलून नेतो. मग पुढच्या मुलाचे कौतुक करायचे नाही. त्याला धोंडा म्हणायचे, केर म्हणायचे, म्हणजे मृत्यूला वाटेल की या वस्तूची कोणालाच किंमत नाही. काही घरांत मूल जन्मताच उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलत, तो उकिरडा. काही ठिकाणी ते दुसऱ्या बाईच्या ओटीत घालून मूठभर धान्य देऊन परत मागून घेत, तो भिकाजी किंवा भिकू. मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालत, म्हणजे मृत्यू त्याला मुलगी समजेल, तो नथू. दगडाला आणखी एक अर्थ होता : दगड मरत नाही. धोंडू या नावात अवहेलना आणि आशीर्वाद दोन्ही एकत्र आहेत.

सर्वच धोंडूंची कहाणी एक नाही, हेही लक्षात ठेवावे. अधिक महिन्याला महाराष्ट्रात 'धोंड्याचा महिना' म्हणतात, त्या महिन्यात जन्मलेल्यालाही हे नाव देत. आणि दादासाहेब फाळक्यांचे धुंडिराज हे नाव काशीच्या ढुंढिराज गणपतीचे आहे, त्याचा धोंड्याशी संबंध नाही. आवाज सारखा असला म्हणजे मूळ सारखे असते असे नाही.

ही प्रथा फक्त मराठी नाही. दिल्ली, हरियाणा, पंजाबात छज्जू आणि घसीटा ही नावे जुन्या पिढीत ऐकू येतात. मुलाला छाजात, म्हणजे सुपात, ठेवून जमिनीवरून ओढायचे, म्हणून छज्जू किंवा घसीटा. रिचर्ड टेंपल यांनी १८८३ मध्ये पंजाबी व्यक्तिनामांवर पुस्तक लिहिले, त्यात अशा नावांची चर्चा आहे. चीनच्या खेड्यांत मुलाला 'कुत्र्याने टाकलेले उष्टे' अशा अर्थाचे नाव ठेवण्याची रीत होती. जिथे मुले मोठ्या संख्येने मरत, तिथे आईबापांना हाच उपाय सुचला.

आकडे पाहिले की यातील दुःख समजते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे २०० मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार हे प्रमाण देशात हजारी २८ आणि महाराष्ट्रात १६ होते. देवीची लस, स्वच्छ पाणी, दवाखान्यातील बाळंतपण यांनी हे घडवले. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. लोक शिकले, शहरी झाले, म्हणून धोंडू नाव गेले असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. ज्या भीतीवर ते नाव उतारा होते, ती भीतीच ओसरली.

इथे एक फरक नोंदवणे आवश्यक आहे. मुलाला धोंडू म्हणत ते त्याने जगावे म्हणून. मुलीला 'नकुसा' म्हणत ते ती नको होती म्हणून. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. दोन्ही नावे वरवर सारखीच वाईट वाटतात, पण त्यांचा हेतू नेमका उलटा आहे.

५. चांगले नाव कोणी ठेवावे?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस उत्पन्न करणारे. पुढच्याच श्लोकात शूद्राच्या नावात दास्य दिसावे असे म्हटले आहे. धोंडू हे नाव ब्राह्मणाच्या घरी आईबापांची निवड होती. तिथे एका मुलाचे नाव धोंडो तर त्याच्या भावाचे विष्णू किंवा वामन असू शकत होते. ज्यांच्यावर हीन नाव हा नियम म्हणून लादला गेला, त्यांची गोष्ट वेगळी.

व्यवहारात हा नियम सर्वत्र तंतोतंत पाळला गेला असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांचे नाव रामजी आणि आजोबांचे मालोजी होते. पण जात नावावरून ओळखू यावी अशी सोय समाजाने ठेवलीच होती. महार पुरुषांच्या नावाला 'नाक' हा प्रत्यय लावत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून उभारलेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर मृतांची नावे आहेत, त्यांत 'नाक' ने संपणारी नावे ठळकपणे दिसतात. हा प्रत्यय 'नायक' शब्दापासून आला असे मत आहे. म्हणजे मूळ शब्द मानाचा, पण तो जातीची खूण होऊन बसला. नाव उच्चारताच जात कळावी आणि जात कळताच वागणूक ठरावी, अशी ती व्यवस्था होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, त्यात हा नामकरणाचा नियमही जळाला असे म्हणता येईल. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावांत जो बदल झाला, तो मराठी व्यक्तिनामांच्या इतिहासातील सर्वांत मोठा आणि सर्वांत जाणीवपूर्वक केलेला बदल आहे. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, नागसेन, मिलिंद, महेंद्र, संघपाल ही नावे वस्त्यावस्त्यांत गेली. आजोबा कचरू, बाप किसन आणि नातू मिलिंद, अशी तीन पिढ्यांची साखळी अनेक घरांत सापडेल. एका पिढीत गावकीचा शेरा पुसला गेला. त्याला ना सरकारी आदेश लागला, ना पैसा. आईबापांनी पाळण्यापाशी घेतलेला तो निर्णय होता. दिल्लीत, २६ अलीपूर रोड येथे, ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे.

यांतील मिलिंद या नावाचा प्रवास तपशिलाने पाहू. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होता. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट मानले जाते. भिक्षू नागसेनाशी त्याने केलेला प्रश्नोत्तररूप संवाद पाली भाषेत 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहे. मिनँडरचे पालीत मिलिंद झाले. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, असाही शब्द आहे. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू, ही जोडी शिक्षणसंस्थेसाठी निवडण्यामागचा विचार सांगायला नको. पुढे मिलिंद हे नाव सर्व जातींत पसरले. ग्रीक राजा, पाली ग्रंथ, आंबेडकरी चळवळ आणि मध्यमवर्गीय सदनिका, एवढे सगळे त्या तीन अक्षरांत आहे.

राहुल या नावाचेही असेच. पाली परंपरेनुसार पुत्रजन्माची वार्ता ऐकून सिद्धार्थाने 'बंधन निर्माण झाले' असे उद्गार काढले आणि त्यावरून नाव पडले. अर्थ बंधन, तरी नाव घरोघरी आवडीचे. नावाची गोडी कोशातील अर्थावर अवलंबून नसते, ते नाव कोणी धारण केले होते यावर असते.

६. अशोक : विसरलेले नाव परत कसे आले

अशोक हे नाव आज इतके साधे आहे की ते कधी काळी विस्मृतीत गेले होते, हे खरे वाटत नाही. दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर जो स्तंभ उभा आहे, तो चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने आजच्या हरियाणातील टोपरा येथून आणवला. दुसरा स्तंभ मेरठहून आणलेला, तो दिल्लीच्या रिजवर आहे. त्यावरील लिपी तेव्हा कोणालाही वाचता येईना. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि दिल्लीचा स्तंभलेख वाचला. पण त्यात राजाचे नाव 'देवानंपिय पियदसि' एवढेच होते. श्रीलंकेच्या ग्रंथांवरून हा अशोक असावा असे अनुमान निघाले. प्रत्यक्ष 'असोक' हे नाव १९१५ मध्ये कर्नाटकातील मस्की येथे सापडलेल्या लेखात दिसले. तो शोध लागला बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीवरील अभियंत्याला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

त्यानंतर दोन-तीन दशकांत हे नाव पाळण्यात आले. यात एकट्या इतिहासाचा वाटा नाही. १९३६ च्या 'अछूत कन्या' चित्रपटानंतर अशोककुमार लोकप्रिय झाले. त्यांचे मूळ नाव कुमुदलाल गांगुली होते. १९५० मध्ये अशोकाचा सिंहस्तंभ राजमुद्रा झाला. शिलालेख, चित्रपट आणि राजमुद्रा या तिन्हींनी मिळून एका सम्राटाचे नाव शेजारच्या मुलाचे नाव केले. वसंत, शरद, हेमंत ही ऋतूंची नावेही याच काळात देवांच्या नावांच्या बरोबरीने आली. देवाचे नाव सोडूनही नाव ठेवता येते, हा त्या पिढीचा नवा विचार.

७. आजची नावे : अर्थ कसा तपासावा

आता सहकाऱ्याची यादी पाहू. आरव या नावापुढे 'शांत' असे लिहिले होते. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज आणि 'आरव' म्हणजे गलका, आरोळी. अर्थ बरोबर उलटा. रात्री जागवणाऱ्या बाळाला ते शोभेल, पण शांत म्हणून ठेवू नये. अनय या नावापुढे 'श्रेष्ठ' असे होते. 'नय' म्हणजे नीती, 'अनय' म्हणजे अनीती किंवा दुर्दैव. मराठी परंपरेत राधेच्या नवऱ्याचे नाव म्हणून अनय प्रसिद्ध आहे. त्या आठवणीने ठेवायचे तर जरूर ठेवावे. विहान म्हणजे पहाट हा अर्थ पटण्याजोगा आहे, कारण पूर्वेकडील हिंदी बोलींत 'बिहान' म्हणजे सकाळ. रेयांश म्हणजे 'विष्णूचा अंश' असे लिहिले होते. 'अंश' ठीक, पण 'रेय' हा विष्णूवाचक शब्द संस्कृतात नाही. कानाला गोड लागणारी अक्षरे जोडून केलेले ते नवे नाव आहे.

नवे नाव घडवणे हा गुन्हा नव्हे. कान्होजी आणि व्यंकोजी हीही कधी तरी नवीच होती. आक्षेप आहे तो खोटा प्राचीन अर्थ चिकटवण्याला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, आपट्यांचा संस्कृत कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश ही तिन्ही साधने आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पाच मिनिटांचे काम आहे.

परंपरेतही एका मुलाला एकच नाव नव्हते. धर्मशास्त्रात देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाव अशी चार नावे सांगितली आहेत. बारशाला आत्या कानात नाव सांगते ते शेवटचे. म्हणजे एक नाव वारशाचे आणि एक हौसेचे ठेवायला जुन्या रीतीचीही हरकत नाही.

शेवटी आईच्या नावाचा मुद्दा. मराठी पद्धतीत मधले नाव बापाचे असते. उत्तरेत ही पद्धत नसल्याने दिल्लीत फॉर्म भरताना मराठी मुलांची नेहमी अडचण होते. मधल्या नावाच्या रकान्यात बाप लिहिला तर पुन्हा 'वडिलांचे नाव' कशासाठी, असा प्रश्न खिडकीवर येतो. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांनी त्याच भूमीत मुलाच्या नावाला आईचे नाव पुन्हा लागले. कारणे अर्थातच वेगळी आहेत, आजचे कारण समानतेचे आहे.

सारांश

सहकाऱ्याने त्या रात्री गावी वडिलांना फोन केला. आजोबांच्या आधी तीन भावंडे गेली होती, हे त्याला प्रथमच कळले. चौथ्याला आजीने धोंडू म्हटले आणि तो ब्याऐंशी वर्षे जगला. त्याच्यामुळेच पुढचे सगळे कुटुंब आहे. मुलाचे नाव त्याने विहान ठेवले. बारशाला आलेल्या मंडळींना मात्र पणजोबांच्या नावाची हकीकत त्याने स्वतः उभे राहून सांगितली, आणि या वेळी तो ओशाळला नाही.

लक्षात ठेवायचे मुद्दे : (१) नाव बोलीत बदलते, म्हणून मूळ शोधताना त्या काळची भाषा पाहावी. (२) नावांत ग्रीक, पाली, फारसी, कन्नड, संस्कृत असे सर्व थर आहेत. (३) वाईट अर्थाचे नाव नेहमी तिरस्कारातून येत नाही, ते कोणी कोणाला दिले हे पाहावे. (४) चांगले नाव ठेवता येणे हा काहींना लढून मिळवावा लागलेला अधिकार आहे.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील चार पिढ्यांतील पुरुषांची नावे लिहून प्रत्येक नाव देव, नवस, भीती, किताब, ऋतू, ऐतिहासिक व्यक्ती यांपैकी कोणत्या गटात येते ते ठरवा.
२. 'महादजी' हे नाव 'माधवराव' का नव्हे, ते नावाच्या घडणीवरून स्पष्ट करा.
३. धोंडू आणि नकुसा या नावांमागील हेतूंची तुलना करा.
४. १९५६ नंतरच्या नामकरणातील बदलाला सामाजिक चळवळ म्हणता येईल का? कारणे द्या.
५. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला तिच्या नावाची हकीकत विचारा आणि ती त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. हे काम पुढे ढकलू नका.